पहाटेच्या आंघोळीला दुपारचं ऊन

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सदस्य,
महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग, मुंबई



मी अणदूरहून लिहिते आहे. तुळजापूर तालुक्यातलं, सोलापूर-हैदराबाद महामार्गावरचं हे गाव. वीजदराच्या जनसुनावणीला इथून कुणी उठून येत नाही. गाडीभाडं आणि बुडालेला रोज, दोन्ही परवडत नाहीत. म्हणून तिथे उभं राहून जे बोलले असते तेच इथे लिहिते. आमच्या छतावर दुपारी वीज उरते आणि आमच्याच न्हाणीत पहाटे लाकडं जळतात. या दोन्हींची गाठ घालून द्या, एवढंच मागणं आहे.

आधी पहाटेचं सांगते. आमच्या घरात सात माणसं. सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. आत्या साडेचारला उठायच्या आणि न्हाणीजवळची चूल पेटवायच्या. गॅस घरात आहे. उज्ज्वला योजना २०१६ साली आल्यावर गॅस गावात घरोघर पोचला. पण गॅसवर चहा, भाजी, भात होतो. आंघोळीचं पाणी त्यावर कुणी ठेवत नाही, कारण मग सिलिंडर महिना टिकत नाही. त्यामुळे स्वयंपाकघरातली चूल विझली तरी न्हाणीची चूल तशीच राहिली. तिला तुराट्या लागतात, बाभळीचं जळण लागतं, पावसाळ्यात ओल्या गोवऱ्या धुमसतात. स्वयंपाकाच्या धुराबद्दल सरकार पुष्कळ बोललं. आंघोळीच्या पाण्याच्या धुराबद्दल कुठे एक ओळ वाचल्याचं मला आठवत नाही. डोळे मात्र दोन्ही धुरांनी सारखेच चुरचुरतात.

त्यातून आमच्या घरी बाळंतीण आली, की पाणी दोन वेळा तापतं. दिवाळीची पहिली आंघोळ तर सगळ्या गावाची उजाडायच्या आत व्हायची असते. पौषात मैलारपूरच्या खंडोबाची यात्रा भरते, तेव्हा घरोघर पाहुणे असतात आणि थंडीही ऐन भरात असते. अणदूरच्या बायकांना विचाराल तर हिवाळा म्हणजे पाणी तापवणं.

आता दुपारचं. फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधान सूर्यघर योजना जाहीर झाली. दोन किलोवॉटपर्यंत किलोवॉटमागे ३० हजार रुपये, आणि तीन किलोवॉट किंवा त्याहून मोठी यंत्रणा असेल तर ७८ हजार रुपये अनुदान. आमच्या घरावर स्लॅब आहे. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर या भागात दगडमातीच्या जड माळवदांची धास्ती बसली आणि ज्याला जमेल तसा स्लॅब पडत गेला. त्याच स्लॅबवर आता पॅनेल उभी राहिली आहेत. आम्ही तीन किलोवॉटची बसवली. एक किलोवॉट दिवसाला सरासरी चार युनिट देतो असा साधा हिशेब धरा, म्हणजे तीन किलोवॉटचे बारा. आमचा खर्च सहा-सात. उरलेली वीज मीटरमधून उलटी बाहेर जाते.

ती जाते तेव्हा काय होतं, हे मला बसवून देणाऱ्या ठेकेदाराने सांगितलं नव्हतं. "जास्त बसवा, पैसे मिळतील," एवढंच तो म्हणाला. नंतर मी आयोगाची २०१९ ची छतावरच्या सौर वीजनिर्मितीची नियमावली एका ओळखीच्या मुलाकडून समजून घेतली. दुपारी दिलेलं युनिट रात्री वापरलेल्या युनिटातून वजा होतं, महिन्याचं उरलेलं पुढच्या महिन्यात जातं, आणि आर्थिक वर्ष संपताना जे शिल्लक राहतं ते कंपनी आयोगाने ठरवलेल्या दराने विकत घेते. हा दर आम्ही वीज घेताना मोजतो त्याच्यापेक्षा कमी असतो.

आमच्या गावाला लेखी देण्याघेण्याची चांगली ओळख आहे. आमचा खंडोबा वर्षातले सव्वादहा महिने अणदूरला आणि पावणेदोन महिने नळदुर्गजवळच्या मैलारपूरला असतो. मूर्ती नेताना आणि आणताना दोन्ही गावांत करार होतो. देव किती दिवस कुणाकडे, हे इथल्या लहान पोरालाही सांगता येतं. आमच्या छतावरचं ऊन किती दिवस कुणाकडे राहतं आणि हिशेब कधी बंद होतो, हे मात्र पॅनेल बसवलेल्या दहा घरांत विचारलं तर एखाद्याला सांगता येईल. करार आम्हीही केला आहे. तो आम्हाला वाचता येत नाही.

म्हणून पहिली विनंती साधी आहे. दिवाळीनंतर येणाऱ्या प्रत्येक बिलावर ठळक मराठीत एक ओळ छापायला लावा: तुमच्या खात्यात आज इतकी युनिटं शिल्लक आहेत, ३१ मार्चपर्यंत वापरली नाहीत तर अमुक दराने विकत घेतली जातील. ज्या बाईला हे डिसेंबरात कळेल ती जानेवारीत चूल पेटवणार नाही.

आता पाण्याचा हिशेब मांडते. शाळेत शिकलेलाच आहे, पण न्हाणीत उभं राहून कुणी मांडत नाही. एका युनिट विजेत ८६० किलोकॅलरी उष्णता असते. वीस लिटरची बादली हिवाळ्यातल्या वीस अंशांवरून आंघोळीच्या बेचाळीस अंशांवर न्यायला ४४० किलोकॅलरी लागतात, म्हणजे जेमतेम अर्धं युनिट. पन्नास लिटर पाणी साठ अंशांपर्यंत तापवून ठेवलं, तर लागतात साधारण सव्वादोन ते अडीच युनिट. त्या पाण्यात इसण घातलं, की चार-साडेचार बादल्या होतात. इसण म्हणजे कढत पाण्यात घालायचं गार पाणी. पुस्तकात त्याला विसण म्हणतात. एवढंच पाणी उघड्या चुलीवर तापवायचं झालं तर बहुतेक उष्णता भांड्याच्या बाजूने निघून जाते आणि चार-पाच किलो जळण लागतं. चार-पाच किलो म्हणजे डोक्यावरचा भारा नव्हे, पण रोजचे आहेत, आणि ते कुणीतरी वाकून गोळा केलेले असतात.

आम्ही काय केलं ते सांगते. शंभर लिटरची जाड अस्तराची टाकी घेतली, आत एक हजार वॉटची कॉइल बसवली आणि तिला घड्याळाचा स्विच लावला. सकाळी साडेदहाला सुरू, दुपारी तीनला बंद. कॉइल मुद्दाम लहान घेतली. नेहमीच्या गीझरची दोन हजार वॉटची असते, तिने ढग आल्यावर बाहेरून वीज ओढली असती. एक हजारवाली सावकाश चालते आणि पॅनेलच्या आवाक्यात राहते. तीन वाजता तापलेलं पाणी दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत थोडं उतरतं, तरी इसण घालावंच लागतं. लहान मुलांना त्या नळाला हात लावू देत नाही. साठ अंशांच्या पाण्याने पोळतं.

त्रास झाला तो क्षारांचा. आमच्याकडे बोअरचं पाणी जड आहे. कॉइलवर पांढरा थर बसतो आणि ती आतल्या आत तापून जाते. म्हणून वर्षातून एकदा टाकी उघडून कॉइल साफ करायची, आतली मॅग्नेशियमची कांडी झिजली असेल तर बदलायची, आणि पाणी साठ अंशांच्या वर न्यायचं नाही, कारण जास्त तापवलं की थर भराभर धरतो.

याहून हुशार एक उपकरण परदेशात आहे. मीटरजवळच्या तारेला एक चिमटा लावतात. वीज घरात येते आहे की बाहेर चालली आहे, हे तो ओळखतो. बाहेर जात असेल तेवढीच वीज एक छोटी पेटी कॉइलकडे वळवते. सहाशे वॉट उरले तर सहाशे, ढग आला की शून्य. ब्रिटनमध्ये पुष्कळ घरांत गरम पाण्याची टाकी आणि तिच्यात विजेची कॉइल आधीपासून असते, म्हणून तिथे ही पेटी रुजली. ऑस्ट्रेलियात गरम पाण्याच्या टाक्या पूर्वी रात्रीच्या स्वस्त विजेवर चालत. छतावरची वीज वाढल्यावर त्या दुपारी चालवायला सुरुवात झाली.

इथे एक गोष्ट आवर्जून लिहिते, कारण मला ती उशिरा उमगली. या कामासाठी आमचं गाव लंडनपेक्षा पुष्कळ सरस आहे. लंडनमध्ये डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम पंधरा अंश वर असतो. गरम पाणी सर्वांत जास्त हवं तेव्हाच तिथे ऊन नसतं. त्याच दिवशी अणदूरला सूर्य जवळजवळ एकोणपन्नास अंशांवर असतो. आभाळ निरभ्र, हवा गार, आणि गार हवेत पॅनेल जास्त चांगलं चालतं. पंखे बंद, कूलर माळ्यावर. म्हणजे मार्गशीर्ष-पौषात आमच्याकडे वीज सर्वांत जास्त उरते आणि गरम पाणीही तेव्हाच लागतं. उन्हाळ्यात नळाचंच पाणी कोमट येतं, तेव्हा टाकी बंद ठेवायची. जुलै-ऑगस्टच्या झडीत मात्र हे जमत नाही, ते मान्य करते. त्या दिवसांत आत्या अजून तुराट्या काढतात.

आयोगासमोर बोलताना हिशेब लपवू नये म्हणून हेही सांगते. दुपारचं युनिट रात्रीच्या युनिटातून सरळ वजा होत असेल, तर ज्याची वर्षअखेरीस काहीच शिल्लक राहत नाही त्याला पाणी दुपारी तापवून पैशांचा काही फायदा नाही. त्याच्यासाठी विजेच्या ताराच टाकीचं काम करतात. ती सोय लहान घरांसाठी आहे तशीच राहू द्या. मीटर कुठलाही बसवा, पण तीन किलोवॉटच्या आतल्या घराला दुपारचं युनिट रात्री मिळालं पाहिजे. मी बोलते आहे ते उरणाऱ्या युनिटांबद्दल. आणि ती कुठे उरणार आहेत, ते पुढे सांगते.

राज्याने २०२५ मध्ये 'स्मार्ट' नावाची योजना आणली. महिन्याला शंभर युनिटांच्या आत वापर असणाऱ्या आणि दारिद्र्यरेषेखालच्या पाच लाख घरांवर एक-एक किलोवॉटची पॅनेल. एक किलोवॉट म्हणजे महिन्याला सुमारे १२० युनिट. ज्या घरात दोन दिवे, एक पंखा आणि एक टीव्ही आहे, त्यांचा खर्च साठच्या आसपास. उरली साठ, म्हणजे दिवसाला दोन युनिट, म्हणजे चार बादल्या गरम पाणी. एका कुटुंबाची आंघोळ. ज्या घराला याची सर्वांत जास्त गरज आहे नेमक्या त्याच घरात ही वीज उरणार आहे, आणि पाणी तापवायचं साधन सोडून बाकी सगळं त्या घराला मिळणार आहे. वर्षाच्या शेवटी त्या घराला शिल्लक युनिटांचे थोडे रुपये मिळतील, आणि वर्षभर चूल जळत राहील.

या घरात गीझर चालणार नाही. छतावर पाण्याची टाकी नाही, नळाला जोर नाही, पाणी घागरीने भरून ठेवलेलं. मग लोक बाजारातून रॉड आणतात. स्वस्त असतो, बादलीत टाकला की झालं. पण पाणी तापलं का ते पाहायला चालू रॉडच्या बादलीत हात घातला, की जिवावर बेततं. दुसरा एक प्रकार मी स्वतः पाहिला. ओळखीच्या एका घरी कुणीतरी पॅनेलची तार सरळ गीझरला जोडून दिली होती. पॅनेलमधून येणारी वीज एकाच दिशेने वाहते. घरातल्या विजेसाठी केलेल्या थर्मोस्टॅटला ती तोडता येत नाही, तोडताना ठिणगी पेटतीच राहते. तो थर्मोस्टॅट वितळला. घरात कुणी नव्हतं आणि शेजाऱ्याला वास आला, म्हणून निभावलं. ही जोडणी कुणीही करू नये, हे गावागावात सांगायला हवं.

पण या घरांना लागणारी वस्तू मराठी माणसाला नवी नाही. आपल्याकडे बंब होता. वरून पाणी ओतायचं, खालच्या तोटीने काढायचं, मधल्या नळकांड्यात जाळ. माझ्या माहेरी तांब्याचा होता आणि दर सणाला तो चिंचेने घासायचं काम माझ्याकडे असे. त्या बंबातला जाळ काढा, भोवती जाड अस्तर घाला, आत साडेसातशे किंवा हजार वॉटची कॉइल बसवा. पाणी कमी असेल तर कॉइल चालूच होऊ नये अशी कळ, साठ अंशांवर बंद करणारा थर्मोस्टॅट, दुपारचं घड्याळ आणि पक्कं अर्थिंग. पन्नास लिटर पुरे. नळ लागत नाही, जोर लागत नाही. तुळजापूरला श्री तुळजाभवानी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथल्या मुलांना एका वर्षाच्या प्रकल्पात करता येईल इतकी ही साधी वस्तू आहे.

आयोग म्हणेल, बंब बनवणं आमचं काम नव्हे. बरोबर आहे. पण विजेची मागणी कधी, किती आणि कशी असावी यासाठी आयोगाने मागणी व्यवस्थापनाची नियमावली केली आहे. कंपन्यांनी त्यासाठी कार्यक्रम आखावेत आणि आयोगाने ते मंजूर करावेत, अशी त्यात तरतूद आहे. त्या नियमावलीखाली विजेच्या बंबाचा एक कार्यक्रम मंजूर करा. आधी एका तालुक्यात करून पाहा, आमच्याच तालुक्यात करा. 'स्मार्ट'मधून पॅनेल मिळालेल्या घरांना परवडेल अशा किमतीत, सुरक्षेची कसोटी पार केलेला बंब द्या. पॅनेलची तपासणी करायला माणूस येतो तेव्हाच त्याने बंबाचं अर्थिंगही तपासावं.

याच्यात वीजकंपनीचाही तोटा नाही. दुपारी ऊन आहे तेव्हा वीज भरपूर आणि सूर्य मावळला की ओढाताण, हे आता सगळ्या राज्याचं दुखणं झालं आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून १६ हजार मेगावॉटची सौरवीज उभी राहते आहे, म्हणजे दुपारची वीज अजून वाढणार. म्हणूनच १ जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेत युनिटमागे ८० पैशांपासून एक रुपयापर्यंत सवलत सुरू झाली. सवलत चांगली आहे. पण दुपारी घरात चालवायचं काय? घरातली माणसं शेतात असतात, दिवे बंद असतात. माणूस घरी नसताना सुरक्षितपणे चालेल आणि संध्याकाळी, पहाटे उपयोगी पडेल असं घरातलं एकच काम आहे, ते पाणी तापवण्याचं. शंभर लिटरच्या टाकीत चार-साडेचार युनिट साठतात. तेवढं साठवणाऱ्या बॅटरीची किंमत विचारून पाहा. टाकीतून दिवा लागत नाही हे खरं, पण आंघोळीला दिव्याची वीज कशाला हवी?

खेड्यात याचा आणखी एक उपयोग आहे. एकाच रोहित्रावर पाच-सहा घरांनी पॅनेल बसवली आणि दुपारी कुणीच वीज वापरत नसलं, की तारेतला दाब वाढतो आणि पॅनेलचा इन्व्हर्टर स्वतःला वाचवायला बंद पडतो. मग ऊन असून वीज नाही. त्याच वेळी त्या घरांत बंब चालू असतील, तर वीज जिथे तयार झाली तिथेच खपेल आणि दाब आटोक्यात राहील.

ज्यांच्या घरावर पॅनेल बसणारच नाहीत त्यांना विसरू नका. आमच्या गावात अजून माळवदाची घरं आहेत, पत्र्याची आहेत, भाड्याच्या खोल्या आहेत. त्यांना घरी बंब आणि दुपारची स्वस्त वीज एवढंच देता येईल. पण शंभर युनिटांच्या पुढे गेलं, की दर एकदम चढतो. रोज दोन-अडीच युनिटांचं पाणी तापवलं तर महिन्याला साठ-सत्तर युनिटं वाढतात आणि गरीब घर नेमकं त्या रेघेपलीकडे जातं. मग एका रुपयाच्या सवलतीने काय होणार? कार्तिक ते माघ या चार महिन्यांत दुपारी तापवलेल्या पाण्याची युनिटं शंभराच्या मोजणीत धरू नका. स्मार्ट मीटर वेळ नोंदवतो, तेव्हा हे मोजणं अवघड नाही.

आणि हे शिकवायला माणसं कुठून आणायची, असं वाटत असेल तर आमच्या गावाकडे पाहा. इथल्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने खेड्यातल्या कमी शिकलेल्या बायकांना भारतवैद्य, म्हणजे गावच्या आरोग्य कार्यकर्त्या, म्हणून तयार केलं. ज्या बाईला बाळाचं वजन आणि रक्तदाब मोजता येतो तिला मीटरवरचे आत आले आणि बाहेर गेले हे दोन आकडे वाचता येतील, बंबाचं अर्थिंग सैल झालं आहे का ते सांगता येईल, आणि पॅनेलची तार गीझरला जोडू नका हे ती शेजारणीला ठेकेदारापेक्षा जास्त पटेल असं सांगेल. प्रत्येक गावात अशा दोन बायका शिकवा आणि त्यांना त्याचं मानधन द्या.

आमच्या आत्यांना लिहिता येत नाही. टाकी बसवली तेव्हा त्यांचा विश्वास नव्हता. पहिले आठ-दहा दिवस त्या नेहमीसारख्या साडेचारला उठून आधी नळ सोडून पाहायच्या आणि मगच चुलीकडे जायचं की नाही ते ठरवायच्या. मी रोजचं मीटर एका वहीत लिहिते. ज्या दिवशी चूल पेटली नाही त्या दिवसापुढे आत्या त्याच वहीत पेन्सिलने एक उभी रेघ ओढतात. ती वही या पत्रासोबत पाठवते आहे. माझे आकडे आणि त्यांच्या रेघा एकमेकांशी ताडून पाहाव्यात आणि वही परत पाठवावी. कार्तिकापासून पुढची पानं लागतील.

आपली,
अणदूरची एक घरगुती वीजग्राहक